ओबामांच्या २५ डीव्हीडी, आणि दोस्त देशांची बातमी नेमकी बनते कशी

मार्च २००९ मधे ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन वॉशिंग्टनला गेले, ओबामा नुकतेच राष्ट्राध्यक्ष झालेले. भेट म्हणून ब्राऊननी पेनं ठेवायचा एक स्टँड नेला होता. साधासुधा नाही बरं का, एचएमएस गॅनेट या जुन्या ब्रिटिश युद्धनौकेच्या लाकडाचा, आणि ही नौका एकेकाळी गुलामांचा व्यापार रोखायच्या कामावर होती, आता समोर अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष, शिवाय व्हाइट हाउसमधलं त्यांचं टेबलही रेझोल्यूट नावाच्या ब्रिटिश जहाजाच्या लाकडाचं, राणी व्हिक्टोरियाने १८८० मधे दिलेलं. म्हणजे कुणीतरी डोकं लावून निवडलेली वस्तू होती. आणि ओबामांकडून परत काय आलं, तर अमेरिकन सिनेमांच्या २५ डीव्हीडींचा सेट.

झालं. लंडनचे पेपर पेटले. मग पुढची बातमी आली की या डीव्हीडी ब्रिटनमधल्या प्लेअरवर चालतच नाहीत, कारण रीजन (डीव्हीडीवरचा भागानुसार कोड) वेगळा. मग दोन्ही देशांचे झेंडे लावून रीतसर पत्रकार परिषद का घेतली नाही यावर कॉलम. मग अपमान झाला का, मुद्दाम केला का, ब्रिटनची किंमत उतरली का.

आता हा दौरा होता कशासाठी ते बघा. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडून सहा महिने होत आले होते, जगभरच्या बँका लटपटत होत्या, २ एप्रिलला लंडनमधे जी-२० ची बैठक व्हायची होती आणि तिथे कोण किती पैसे टाकणार, कोण कुठले नियम मान्य करणार याची बोलणी या भेटीत होती. ब्राऊननी अमेरिकन संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर भाषणही केलं, हा मान फार थोड्या परदेशी नेत्यांना मिळतो. हे सगळं छापून आलं, नाही असं नाही. पण आज कुणालाही विचारा त्या दौऱ्यातलं काय आठवतं, डीव्हीडी.

माझा मुद्दा इथेच आहे. यातली एकही बातमी खोटी नव्हती. डीव्हीडी खरंच दिल्या होत्या, झेंडे खरंच नव्हते. पेपरमधे काय खरं काय खोटं यावर आपण इतकं भांडतो पण दोस्त देशांच्या बातम्यांत खोटेपणा हा मुळात फार छोटा भाग असतो, खरी गंमत असते फ्रेममधे, म्हणजे दहा खऱ्या गोष्टींतल्या कुठल्या दोन उचलून पुढे ठेवल्या आणि कुठल्या आठ सातव्या पानावर ढकलल्या. रॉबर्ट एंटमन म्हणून एक अमेरिकन अभ्यासक आहेत, त्यांनी १९९३ मधे हे छान मांडलंय. फ्रेम चार कामं करते म्हणतात: प्रॉब्लेम काय ते ठरवते, कुणामुळे झाला ते सांगते, चांगलं-वाईट ठरवते आणि उपायही सुचवून टाकते. डीव्हीडीवर लावून बघा. प्रॉब्लेम: ब्रिटनचा मान राखला नाही. कुणामुळे: ओबामांना आपल्याबद्दल प्रेम नाही. चांगलं-वाईट: आपण लाकूड दिलं त्यांनी प्लॅस्टिक दिलं. उपाय: ब्राऊन बदला, किंवा अमेरिकेच्या मागे लागणं सोडा, जो तो पेपर आपापल्या राजकारणाप्रमाणे. बँका राहिल्या बाजूला.

आपल्याकडे लग्नात व्याह्यांचा मानपान चालतो की नाही, स्टेशनवर घ्यायला कोण आलं, आहेरात साडी कसली दिली, पहिल्या पंगतीला बसवलं का दुसऱ्या, तसंच हे. आणि लग्नातही खरा व्यवहार आधीच कुठेतरी खोलीत दार लावून झालेला असतो, मांडवातल्या लोकांना दिसतात फक्त रुसवे-फुगवे.

दार लावलेल्या खोलीचं सांगायचं तर यापेक्षा भारी उदाहरण मला तरी माहीत नाही. ५ मार्च १९४६. त्या दिवशी विन्स्टन चर्चिलनी (तेव्हा ते पंतप्रधान नव्हते, आदल्या वर्षीच निवडणूक हरले होते) अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या फुल्टन गावी एका कॉलेजात भाषण केलं, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन स्टेजवर बसलेले. 'लोखंडी पडदा' हे शब्द गाजले ते याच भाषणामुळे आणि ब्रिटन-अमेरिकेची 'स्पेशल रिलेशनशिप' हा शब्दही इथूनच पेपरवाल्यांच्या तोंडी कायमचा बसला. जगभर छापून आलं, उलटसुलट टीका झाली, आजही दर दौऱ्याला त्याची आठवण निघते. आणि त्याच दिवशी, अक्षरशः त्याच तारखेला, वॉशिंग्टनमधे दोन देशांच्या अधिकाऱ्यांनी एका करारावर सह्या केल्या, दुसऱ्या देशांचे संदेश चोरून ऐकायचे, त्यांची सांकेतिक भाषा फोडायची आणि मिळेल ते एकमेकांना द्यायचं. पुढे यातच कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आले आणि आज ज्याला फाइव्ह आइज म्हणतात ते उभं राहिलं. या कराराची कागदपत्रं सरकारने अधिकृतपणे लोकांसमोर ठेवली २०१० मधे. ६४ वर्षांनी!

म्हणजे भाषण पहिल्या पानावर आणि करार कुठल्याच पानावर नाही. पेपरांचा यात दोष नाही, त्यांना माहीतच नव्हतं. पण सवय कशी लागते बघा, जे दिसतं त्यावरून नातं मोजायचं, आणि या नात्यात जे सगळ्यात वजनदार आहे ते दिसण्यासाठी बनलेलंच नाही. ब्रिटनच्या अणु-पाणबुड्यांवर जी ट्रायडेंट क्षेपणास्त्रं असतात ती दोन देशांच्या सामायिक साठ्यातून येतात आणि तो साठा अमेरिकेत जॉर्जिया राज्यात किंग्ज बे इथल्या नौदल तळावर आहे, वॉरहेड तेवढी ब्रिटिश. अशा गोष्टीचा रोज काय फोटो छापणार? रोज काही घडतच नाही ना तिथे. आणि न घडणं ही बातमी होत नाही.

सुएझचं प्रकरण या नजरेने परत वाचलं की मजा येते. १९५६ मधे इजिप्तच्या नासेरनी कालवा ताब्यात घेतला, ब्रिटन-फ्रान्सनी इस्रायलशी गुपचूप संगनमत करून हल्ला केला, अमेरिकेला न सांगता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर असे भडकले की पौंड कोसळायला लागला तरी त्यांनी मदत अडवून धरली, आयएमएफकडूनही (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) पैसे मिळू दिले नाहीत, शेवटी ब्रिटनला युद्ध थांबवावं लागलं आणि जानेवारी १९५७ मधे पंतप्रधान ईडन राजीनामा देऊन घरी गेले. दोन दोस्तांत याहून मोठा राडा काय होणार. त्या वेळचे पेपर चाळले तर दोस्ती संपली असंच वाटेल. आणि जुलै १९५८ मधे, दोन वर्षंही झाली नव्हती, त्याच दोन देशांनी अण्वस्त्रांची माहिती एकमेकांना द्यायचा करार केला, जो आजही चालू आहे आणि २०२४ मधे तर त्याची मुदतच काढून टाकली. नातं तुटल्याच्या बातम्यांच्या ढिगाखालीच नात्याचा सगळ्यात पक्का कागद तयार होत होता.

याच्या उलटंही होतं. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन म्हटलं की हसरे फोटोच डोळ्यासमोर येतात. पण ऑक्टोबर १९८३ मधे रेगननी ग्रेनेडा या कॅरिबियन बेटावर सैन्य उतरवलं, आणि ग्रेनेडाची राष्ट्रप्रमुख कोण तर इंग्लंडची राणी, कॉमनवेल्थमधला देश तो! थॅचरनी नका करू म्हणून सांगितलं, त्याचा उपयोग झाला नाही. मग रेगननी फोन करून माफी मागितली. तुमच्याकडे आलो असतो तर आत यायच्या आधी दारातून टोपी आत फेकली असती, अशा अर्थाचं काहीतरी बोलले, म्हणजे बाईसाहेब चिडल्यात का ते टोपीवरून कळलं असतं. या फोनचं रेकॉर्डिंग २०१४ मधे बाहेर आलं आणि त्यात थॅचर कमालीच्या थंड आवाजात बोलतात. डीव्हीडी देणं हा अपमान असेल तर राणीच्या देशात विचारल्याशिवाय सैन्य घुसवणं याला काय म्हणायचं? पण ते तेव्हा गाजून गेलं, फोटो मात्र राहिले, आणि आता ती जोडी आदर्श मैत्री म्हणून छापली जाते.

बरं, ब्रिटिश पेपर असं का करतात? एक कारण अगदी धंद्यातलं आहे आणि ते बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पंतप्रधान परदेशात जातो तेव्हा त्याच्या विमानात जे पत्रकार असतात ते बहुतेक करून 'लॉबी'चे, म्हणजे वेस्टमिन्स्टरमधे बसून संसद आणि डाउनिंग स्ट्रीट (पंतप्रधान कार्यालय) कव्हर करणारे. परराष्ट्र धोरण ही त्यांची रोजची बीट नाही. त्यांचं रोजचं काम म्हणजे पंतप्रधान आज वर आहे का खाली. मग वॉशिंग्टनला जाऊनही ते तेच मोजणार. अमेरिकेने कशावर सही केली यापेक्षा आमच्या माणसाला किती वेळ दिला, हात धरला का, शेजारी उभं केलं का.

दुसरं म्हणजे या अपेक्षा पेरणारं पंतप्रधान कार्यालयच असतं. दौऱ्याआधी पत्रकारांना खासगीत सांगायचं की बघा, फक्त आम्हालाच वेळ मिळालाय, युरोपात पहिले आम्हीच. मिळाला तर मथळा छान. नाही मिळाला तर तोच पत्रकार तीच फूटपट्टी घेऊन उलटा मोजतो. सप्टेंबर २००९ मधे हेच झालं. ब्राऊन यूएनच्या बैठकीला न्यूयॉर्कमधे, ओबामांशी वेगळी भेट हवी होती, त्यांच्या लोकांनी पाच वेळा विचारलं आणि भेट काही मिळाली नाही असं छापून आलं. शेवटी दोघं यूएनच्या इमारतीत किचनमधून चालत जाताना बोलले. किचन! मथळा लिहिणाऱ्याला अजून काय पाहिजे. डाउनिंग स्ट्रीट सांगतंय अपमान वगैरे काही नाही, पण ऐकतो कोण. आता या सगळ्यामागे एक खरं कारण होतं बरं का, लॉकरबी विमान बॉम्बस्फोटातला दोषी मेग्राही याला स्कॉटलंडच्या सरकारने ऑगस्टमधे आजारपणाच्या कारणावरून सोडून दिलं होतं आणि अमेरिकेत त्यावर प्रचंड संताप होता, मेलेल्या २७० लोकांतले बहुतेक अमेरिकन. ही खरी राजकीय गोष्ट. बातमीत ती होतीच, पण किचनच्या खाली.

तिसरं, घरचं भांडण. दोस्त देशाची बातमी बहुतेक वेळा दोस्त देशाबद्दल नसतेच. २००३ च्या इराक युद्धात माध्यमसम्राट मर्डॉक यांचे सन आणि टाइम्स युद्धाच्या बाजूने, डेली मिरर आणि इंडिपेंडंट विरोधात, गार्डियन विरोधात पण त्याच घरातला रविवारचा ऑब्झर्व्हर मात्र बाजूने. ब्रिटिश पंतप्रधान ब्लेअर आणि अमेरिकन राष्ट्राध्यक्ष बुश यांची तीच भेट, तेच फोटो. एकात ब्लेअर म्हणजे खंबीर मित्र आणि दुसऱ्यात बुशच्या पट्ट्याला बांधलेलं पूडल कुत्रं, व्यंगचित्रांत तर ते कुत्रं इतक्यांदा आलं की शेवटी ब्लेअरना आयुष्यभर चिकटलं. यात अमेरिकेबद्दल वाचकाला नवीन काय कळलं? फारसं काही नाही. ब्लेअर आवडतो का नाही एवढंच पक्कं झालं.

चर्चिलच्या पुतळ्याचं प्रकरण तर मी नवीन माणसाला समजावताना हमखास सांगतो. जेकब एपस्टाइननी केलेला चर्चिलचा ब्राँझचा अर्धपुतळा ब्लेअर सरकारने २००१ मधे बुशना वापरायला दिला, उसना. बुश गेले, मुदत संपली, २००९ मधे तो परत ब्रिटनकडे आला. व्हाइट हाउसकडे स्वतःचा तसाच एक दुसरा पुतळा १९६० च्या दशकापासून होताच, तो वरच्या मजल्यावर ओबामांच्या राहत्या भागात, ट्रीटी रूमच्या बाहेर. पण बातमी बनली 'ओबामांनी चर्चिलना हाकललं'. एप्रिल २०१६ मधे ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपियन युनियन सोडायच्या, सार्वमताआधी ओबामा लंडनला आले तेव्हा बोरिस जॉन्सननी (पुढे तेच पंतप्रधान झाले) सनमधे लेख लिहून हीच गोष्ट परत काढली, वर ओबामांच्या केनियन वंशाचा उल्लेख, म्हणजे या माणसाला ब्रिटिश साम्राज्याचा रागच आहे अशी कुजबुज. ओबामांनी भर पत्रकार परिषदेत सांगितलं की दुसरा पुतळा रोज माझ्या डोळ्यासमोर असतो. उपयोग शून्य. २०१७ मधे ट्रम्पनी पुतळा ऑफिसात आणला, दोस्ती वाढली. २०२१ मधे बायडेननी काढला, दोस्ती घटली. २०२५ मधे परत आला, परत वाढली! या सगळ्या काळात गुप्तहेर खात्यांची देवाणघेवाण आणि पाणबुड्या आपापलं काम करत होत्या, त्यांना पुतळ्याचा पत्ताही नसेल.

त्याच २०१६ च्या दौऱ्यात ओबामा म्हणाले की युरोपियन युनियनमधून बाहेर पडलात तर अमेरिकेबरोबर व्यापार करारासाठी रांगेत शेवटी उभं राहावं लागेल. एकच वाक्य, पण युनियनमधे राहू म्हणणाऱ्यांसाठी तो मित्राचा सल्ला आणि बाहेर पडू म्हणणाऱ्यांसाठी धमकी.

फ्रेम कशी बदलत जाते हे अगदी जवळून बघायचं तर जुलै २०१९ चा एक आठवडा घ्या. ७ तारखेला, रविवारी, मेल ऑन संडेने वॉशिंग्टनमधले ब्रिटिश राजदूत किम डॅरोक यांचे गुप्त रिपोर्ट छापले, ट्रम्प सरकारला काही जमत नाही, सगळा गोंधळ आहे अशा भाषेत. (राजदूताचं कामच ते, सरकारला खासगीत खरं सांगणं, त्यासाठीच पगार मिळतो.) रविवारी बातमी होती: राजदूत ट्रम्पबद्दल बघा काय बोलतो. सोमवारी ट्रम्पनी या माणसाशी आता आम्ही व्यवहार करणार नाही म्हणून ट्विट केलं, मग बातमी झाली: संबंध बिघडले, आणि पाठोपाठ, हे रिपोर्ट फोडले कुणी. मंगळवारी रात्री टीव्हीवर कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नेतेपदाची डिबेट होती, जॉन्सन विरुद्ध हंट, हंट म्हणाले राजदूताला ठेवणार, जॉन्सननी तसं म्हणायचं टाळलं. बुधवारी डॅरोकनी राजीनामा दिला आणि आता बातमी होती: जॉन्सननी आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडलं. चार दिवसांत गोष्ट वॉशिंग्टनमधून निघून लंडनमधल्या खुर्चीच्या भांडणात येऊन पोचली. आणि रिपोर्टमधे लिहिलेलं बरोबर होतं का चूक, हा प्रश्न मधेच कुठेतरी गळून पडला, जो खरं तर पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

कधीकधी पेपर नुसतं फ्रेम लावत नाही, स्वतःच खेळात उतरतो. १२ जुलै २०१८ ला पंतप्रधान थेरेसा मेंनी ट्रम्पसाठी ब्लेनहाइम राजवाड्यात (चर्चिलचा जन्म तिथलाच, निवड उगाच नव्हती) शाही जेवण ठेवलं होतं, आणि जेवण चालू असतानाच सनने ट्रम्पची मुलाखत बाहेर काढली, मेंच्या ब्रेक्झिट प्लॅनमुळे अमेरिकेबरोबरचा करार मरेल असं म्हणणारी. दुसऱ्या दिवशी ट्रम्प मेंच्या शेजारी उभं राहून हीच मुलाखत फेक न्यूज म्हणाले आणि दोस्ती म्हणजे स्पेशलच्याही वरच्या पातळीची आहे म्हणाले. दोन दिवसांत दोन उलट्या बातम्या, दोन्हीत बोलणारा एकच माणूस, ट्रम्प.

आता पलीकडच्या बाजूला जा. अमेरिकन पेपरांत यातलं बरंचसं सापडतच नाही, किंवा सापडलं तर 'ब्रिटिश पेपर बघा किती चिडलेत' अशी गमतीची बातमी म्हणून. वॉशिंग्टनच्या पत्रकाराला ब्रिटनबद्दल प्रेम नाही असं नाही पण त्याच्या वाचकाच्या आयुष्यात ब्रिटनमुळे रोज काही बदलत नाही. लहान भागीदाराच्या पेपरांत मोठ्या भागीदाराच्या भुवया मोजल्या जातात, उलट दिशेने कुणी मोजत बसत नाही. २०१० मधे ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीनेच रिपोर्टमधे लिहिलं की 'स्पेशल रिलेशनशिप' हे शब्द दिशाभूल करू शकतात, वापरायचं टाळा. मग त्या रिपोर्टच्या बातमीचे मथळे अर्थातच 'स्पेशल रिलेशनशिप संपली' असे. काय करणार.

आपल्या मराठी पेपरांत परदेशी बातमी येते ती जास्त करून एजन्सीकडून, म्हणजे रॉयटर्स, एपी, पीटीआय, आणि ती येताना फ्रेम सकटच येते, वर डेस्कवर 'खडे बोल सुनावले' किंवा 'दणका' चढतो. आणि विमानतळावर प्रोटोकॉल मोडून घ्यायला आले, मिठी किती वेळ मारली हे मोजण्यात आपण लंडनवाल्यांना हार जाणार नाही. फेब्रुवारी २०२० ला अहमदाबादच्या स्टेडियममधे 'नमस्ते ट्रम्प' झालं तेव्हाचे मथळे काढा आणि ऑगस्ट २०२५ ला भारतावर ५० टक्के टॅरिफ लागलं तेव्हाचे शेजारी ठेवा.

मी स्वतः अशी बातमी वाचताना आधी सोर्स कोण ते बघतो, नाव आहे का नुसतंच 'पंतप्रधानांच्या जवळच्या सूत्रांनी', आणि मग खाली उतरत आकडा शोधतो, टक्के, टन, तारीख, मुदत, काहीही. आकडा अकराव्या परिच्छेदात असेल तर वरचे दहा बिनधास्त भराभर वाचावेत.

जून २०२५ चं कॅनडातलं उदाहरण घ्या, जी-७ ची बैठक, कनानास्किस. ट्रम्प आणि स्टार्मर कॅमेऱ्यांसमोर व्यापार कराराचे सही झालेले कागद दाखवायला आले, ट्रम्पनी फाइल उघडली आणि कागद घरंगळून खाली पडले, स्टार्मर पटकन वाकून गोळा करायला लागले. फोटो जगभर गेला. वाकलेला ब्रिटिश पंतप्रधान! वर ट्रम्प बोलता बोलता करार युरोपियन युनियनबरोबर झालाय असंही म्हणून गेले. स्टार्मरना नंतर खुलासा करावा लागला की दुसरं कुणी कागद उचलायला पुढे आलं असतं तर सुरक्षारक्षकांनी अडवलं असतं, म्हणून मी वाकलो. आणि त्या जमिनीवर पडलेल्या कागदांत होतं काय, तर वर्षाला १ लाख ब्रिटिश गाड्यांवर २७.५ ऐवजी १० टक्के टॅरिफ, म्हणजे गाड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या हजारो लोकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न, बाकी बहुतेक मालावर १० टक्के तसेच, आणि स्टीलचं अजून भिजत घोंगडं. सोलिहलच्या जॅग्वार लँड रोव्हर कारखान्यातल्या कामगाराला त्या दिवशी पेपरमधे बघायचं होतं ते हे, आणि ते फोटोच्या खाली, लहान टायपात, होतं.